गॅगारिनला अमेरिकन इंजिन: जुन्या सोव्हिएत लोकोंचं हे पुनर्वसन परवडतं का?

क्राकोवकर
नमस्कार मंडळी. इथे रेल्वेवाल्यांचा बराच राबता आहे, म्हणून धागा काढायचं धाडस करतोय.

नोकरीमुळे पोलंडात, क्राकोवला असतो. इथून जवळच स्वावकुव्ह नावाचं गाव आहे. युक्रेनच्या हद्दीपासून निघालेली सुमारे ४०० किमीची एक लाइन तिथे येऊन संपते. एलएचएस म्हणतात तिला. सगळा पोलंड १४३५ मिमी गेजवर (दोन रुळांमधलं अंतर) आणि ही एकटी रशियन १५२० मिमीवर. वर तारा नाहीत, प्रवासी गाड्या नाहीत, नुसती मालवाहतूक आणि सगळा कारभार डिझेलवर. तिथे ओढकामाला बरेचसे जुने एम६२ लोको आहेत. लुहान्स्कच्या कारखान्यातला माल. १९६५ पासून हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी अशा सगळ्या मित्रराष्ट्रांच्या गळ्यात हे मारले होते. पोलंडने एकट्याने हजारावर घेतले. इथे त्यांना 'गॅगारिन' म्हणतात.

आता मुद्दा. नोवी सॉन्च गावातला नेवाग कारखाना हे गॅगारिन पार सोलून पुन्हा बांधतो. ३११डी म्हणून जो प्रकार निघाला त्यात जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) ७एफडीएल हे अमेरिकन १२ सिलिंडरचं इंजिन आहे. पण एलएचएसकडे जो भाऊबंद गेला, ३११डीए, त्यात कोलोम्नाचं रशियन इंजिन आहे. कारखाना तोच, सांगाडा तोच, पोटातलं इंजिन मात्र एकात अमेरिकन, दुसऱ्यात रशियन.

तर जाणकारांनी सांगावं: पन्नास वर्षं जुन्या सांगाड्यात परक्या देशाचं इंजिन बसवणं हा शहाणपणा आहे की महागडा जुगाड? आणि या दोघांत शहाणा कोण?

(मी संगणकवाला आहे. लोको म्हणजे गाडीच्या पुढचा डबा, एवढंच कालपर्यंत माहीत होतं.)

टुकटुक
जागा पकडून ठेवतो. शेडवाले काका आले की खरा धागा सुरू होईल.

लाल_दिवा
सरळ उत्तर: जुगाड. मूळ एम६२ म्हणजे २००० अश्वशक्ती, ताशी १०० किमी, डब्यांना हीटिंग द्यायची सोय नाही. तेव्हाच मागासलेलं डिझाइन होतं. ते भंगारात घालायचं सोडून त्यात डॉलर ओतायचे? नवीन घ्या ना! नवीन घ्यायला पैसे नाहीत म्हणून हे सगळे उद्योग.

मी_पुणेकर
@लाल_दिवा, आमच्या सासऱ्यांनी ६८ सालच्या राजदूतला अजून नवीन पिस्टन घालून चालवत ठेवलंय. त्यांच्यासमोर हे बोलून दाखवा.

शेडमधला_म्हातारा
टुकटुकराव, आलो.

मी डिझेल शेडमध्ये खालच्या पायरीपासून चढलो, रिटायर होऊनही बरेच दिवस झाले. रशियन लोकोला हात लावलेला नाही, आपल्या रेल्वेत ते नव्हतेच. पण अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीच्या लोकोंवर जन्म गेला, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

लोकोमध्ये काय लवकर मरतं आणि काय मरत नाही, हे आधी बघा. अंडरफ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, जाड लोखंडाचा. अपघात झाला नाही आणि गंजू दिला नाही तर पन्नास काय, सत्तर वर्षं हलत नाही. बोगीचंही (लोकोखालची चाकांची चौकट) तेच. चाकं, बेअरिंग, स्प्रिंग बदलत राहायचे. ट्रॅक्शन मोटरचं कॉइल जळलं तर रिवाइंड करून परत घालतात. इंजिनाचं तसं नाही. त्याचे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजतात, क्रँकशाफ्ट घासून घासून अंडरसाइझ होतो, ब्लॉकला तडे जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना बंद पडतो. म्हणून निम्मी किंमत जिवंत असलेल्या वस्तूत नवीन इंजिन घालण्यात मूर्खपणा काही नाही. जगभर हेच चालतं.

पण 'इंजिन बसवलं' हे वाक्य फसवं आहे. इंजिन एकटं येत नाही. जुन्या एम६२ मध्ये डीसी जनरेटर होता. नव्या इंजिनाबरोबर अल्टरनेटर आणि रेक्टिफायर येतो, कारण डीसी जनरेटरच्या कार्बन ब्रश आणि कम्युटेटरच्या कटकटीत कुणालाच पडायचं नसतं. मग कंट्रोल पॅनल नवीन. रेडिएटर नवीन, कारण ताकद वाढली की फेकायची उष्णताही वाढते. कॉम्प्रेसर नवीन. इतकं केल्यावर ड्रायव्हरला जुन्या केबिनमध्ये कोण बसवणार, म्हणून केबिनही नवीन. जुनं काय उरलं? फ्रेम, बोगी आणि बहुतेक वेळा ट्रॅक्शन मोटर.

आता खरी डोकेदुखी: वजन. लोको ओढतो तो वजनाच्या जोरावर. सहा धुऱ्यांवर ११६ टन पडतात तेव्हा चाक रुळाला धरतं. तुम्ही आधुनिक, हलकं, जलद फिरणारं इंजिन घातलंत, समजा कॅटरपिलरचं ३५०० मालिकेतलं, तर काही टन कमी होतात. मग ते भरून काढायला लोखंडी प्लेटा नाहीतर काँक्रीट भरतात! लोकांना हे ऐकून हसू येतं, पण बॅलास्ट नसेल तर चढावर चाक जागच्या जागी फिरेल. आणि वजन कुठे ठेवायचं हाही हिशेब असतो, पुढच्या आणि मागच्या बोगीवर सारखं पडलं पाहिजे. जीईचं ७एफडीएल मात्र जुन्या घराण्यातलं, मध्यम गतीचं, १०५० आरपीएमचं भक्कम इंजिन आहे. जुन्या जड सांगाड्यात ते जास्त शोभतं असं माझं मत.

बोटं दुखली. बाकी नंतर.

चहाबाज
काका, हा प्रतिसाद आहे की डिप्लोमाचा पेपर? मस्त. वाचनखूण साठवली.

लाल_दिवा
काका, आदर आहेच, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. इंजिन नवीन, अल्टरनेटर नवीन, पॅनल नवीन, केबिन नवीन. मग फ्रेम तेवढी जुनी कशाला ठेवायची?

आकडेमोड
@लाल_दिवा, कारण कागदोपत्री. नवीन लोको युरोपात रुळावर आणायचा तर मंजुरीचं अख्खं दिव्य असतं: चाचण्या, धूर, आवाज, ब्रेक, सिग्नलवर होणारा विद्युत हस्तक्षेप. आधीपासून नोंदणी असलेल्या लोकोची सुधारणा केली की त्यातलं काही टळतं, सगळं नाही. शिवाय एलएचएससारखी १५२० मिमीची बेटं पश्चिमेच्या कारखान्यांसाठी फारच छोटं गिऱ्हाईक. पाच-पन्नास लोकोंसाठी वेगळ्या गेजचं नवं मॉडेल कोण काढणार?

डिझेलचा खर्च तर कुणीच मोजत नाहीये. मालगाडीचा लोको दिवसाचा किती वेळ खरंच ओढत असतो? सिग्नलला उभा, यार्डात उभा, क्रॉसिंगला उभा. तेवढा सगळा वेळ इंजिन आयडलिंगवर धडधडत असतं. एम६२ मधलं १४डी४० हे टू-स्ट्रोक. अर्ध्या-पाऊण लोडला आणि आयडलला अशी जुनी टू-स्ट्रोक इंजिनं डिझेल पितात आणि वर वंगणतेलही जाळतात. लोकोच्या आयुष्यातल्या डिझेलचं बिल लोकोच्या किमतीपुढे राक्षसी असतं. इंजिन बदलण्याचा खर्च त्या बिलातून निघतो. फ्रेम जुनी की नवी याचा डिझेलशी संबंध नाही.

अनुजा_लाइपझिग
धागा बघून राहवलं नाही. आमच्या पूर्व जर्मनीत एम६२ ला 'टायगाट्रॉमेल' म्हणत, तैगाच्या जंगलातला ढोल! सुरुवातीचे लोको सायलेन्सरशिवाय आले होते. रुळालगतच्या गावांतून इतक्या तक्रारी गेल्या की पुढच्यांना सायलेन्सर बसवून घ्यावे लागले. चेक लोक त्याला 'सेर्गेई' म्हणतात.

पण मला सांगायचंय ते त्याच्या धाकट्या बहिणीबद्दल. 'लुडमिला', जर्मन रेल्वेची २३२ मालिका. तीही लुहान्स्कचीच, पण पुढच्या पिढीची, ३००० अश्वशक्तीची, कोलोम्नाच्या १६ सिलिंडरच्या ५डी४९ इंजिनाची. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर बहुतेक सगळं पूर्वेचं सामान भंगारात गेलं, ही मात्र टिकली, कारण पश्चिमेकडे एवढ्या ताकदीचा मालगाडीचा डिझेल लोको फारसा नव्हता.

तर जर्मन रेल्वेनेही हाच विचार केला होता: इंजिन बदलू या. प्रयोगासाठी वेगवेगळ्या लोकोंत तीन इंजिनं घातली. एक जर्मन माकचं, एक अमेरिकन कॅटरपिलरचं आणि एक कोलोम्नाचं नवीन १२ सिलिंडरचं. ओळखा कोण जिंकलं?

कोलोम्ना! जर्मनांनी जर्मन आणि अमेरिकन दोन्ही इंजिनं बाजूला ठेवून रशियन घेतलं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साठ-पासष्ट लोकोंना ते बसवलं आणि त्यांना २३३ हा नवा नंबर दिला. १६ सिलिंडरच्या जागी १२, ताकद तेवढीच.

क्राकोवकर
@अनुजा, हे भन्नाट आहे. म्हणजे आमच्या एलएचएसवाल्यांनी कोलोम्ना घेतलं ते अगदीच एकटे नव्हते तर. पण जर्मनांनी असं का केलं असेल?

अनुजा_लाइपझिग
माझ्या मते साधं कारण. कोलोम्नाचं इंजिन त्याच घराण्यातलं, त्याच पायावर कमीत कमी काटछाट करून बसतं. फिटरचे हात आधीच त्याला सरावलेले. परकं इंजिन घातलं की काकांनी सांगितलेली सगळी वरात मागून येते.

शेडमधला_म्हातारा
अनुजाताई, बरोबर पकडलंत. मी तर म्हणेन हेच मुख्य कारण. शेडमध्ये एक नवीन जातीचं इंजिन आलं की त्याची हत्यारं वेगळी, टॉर्कचे तक्ते वेगळे, स्टोअरमध्ये वेगळी फडताळं, आणि आर्टिझनला (कारागिराला) ते कळायला लागेपर्यंत दोन वर्षं जातात.

अक्तौ_रिटर्न
कझाकस्तानात तेलाच्या कामावर काही वर्षं काढली आहेत, म्हणून माझे दोन पैसे. पश्चिम कझाकस्तानात तारा फारशा नाहीत, लांबच लांब स्टेप आणि त्यातून दोन भाग जोडलेले २टीई१० लोको टाकीच्या गाड्या ओढत असत. त्यात १०डी१०० नावाचं इंजिन. क्राकोवकर, तुमचं १४डी४० परवडलं म्हणाल असा प्रकार.

त्यात दहा सिलिंडर आणि वीस पिस्टन. एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात, मध्ये डिझेल पेटतं आणि दोघंही उलट दिशांना फेकले जातात. त्यामुळे क्रँकशाफ्टही दोन, एक खाली, एक वर डोक्यावर. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. कागदावर किती सुटसुटीत! पण लायनर बदलायचा म्हटलं की आधी तो वरचा क्रँकशाफ्ट उतरवा.  तिथला एक म्हातारा मेकॅनिक मला म्हणाला होता की या इंजिनाने त्याला देवावर विश्वास ठेवायला शिकवलं. तेल तर इतकं जाळायचं की गाडी गेल्यावर बर्फावर काळे ठिपके पडलेले दिसायचे.

याच २टीई१० मध्ये कझाक रेल्वेने जीईचं ७एफडीएल बसवायला घेतलं. एक-दोन नमुने नाही, बऱ्याच लोकोंना. आणि तिथे ते शहाणपणाचंच होतं. कारण ऐका. सोव्हिएत संघ होता तेव्हा खारकिव्हचं इंजिन, लुहान्स्कचा लोको आणि अक्तौची शेड हा सगळा एकाच देशाचा कारभार होता. १९९१ नंतर खारकिव्ह आणि लुहान्स्क युक्रेनमध्ये, कोलोम्ना रशियात आणि तुम्ही कझाकस्तानात. पिस्टन रिंग मागवायची तरी मध्ये सीमा आणि कस्टम. मग 'परदेशी इंजिन' या शब्दाला काय अर्थ उरला? सगळीच परदेशी झाली होती. निदान अमेरिकन वेळेवर पाठवत होते.

पुढे २००९ पासून तर अस्तानात जीईच्याच डिझाइनचे टीई३३ए लोको बनायला लागले. म्हणजे आधी जुन्याला इंजिन, मग अख्खा नवीन लोको. जीईने धंदा बरोबर केला.

चहाबाज
दहा सिलिंडर, वीस पिस्टन! आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं. दोघं समोरासमोर येतात, स्फोट होतो आणि दोन्ही उलट दिशेला जातात.

टुकटुक
😂😂 वीस पिस्टनपैकी अध्यक्ष कोण?

जुना_नट
अक्तौ साहेब, तुमच्या १०डी१०० ची खरी गंमत तुम्ही सांगितलीच नाही. ते इंजिनही मुळात अमेरिकनच!

हे घराणं २डी१०० पासून सुरू होतं, पन्नाशीच्या दशकातल्या टीई३ लोकोमधलं. ते अमेरिकेच्या फेअरबँक्स-मोर्सच्या समोरासमोर पिस्टनवाल्या इंजिनावरून बेतलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांत तेच होतं. पुरावा हवा तर पिस्टनचा स्ट्रोक (एका फेरीत तो सरकतो ते अंतर) बघा: २५४ मिमी. रशियन इंजिनियर स्वतःहून २५४ हा आकडा कशाला निवडेल? २५४ मिमी म्हणजे बरोबर १० इंच. मेट्रिक देशातलं इंजिन इंचांत श्वास घेतंय.

आणि त्याच्याही आधी १९४५ मध्ये लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धकालीन मदत योजनेखाली अल्कोचे आरएसडी-१ लोको सोव्हिएत संघात गेले होते. त्यावरून १९४७ मध्ये टीई१ बनला, त्याचं डी५० इंजिन म्हणजे अल्कोच्या ५३९ चा वंशज. तेच पुढे बदलत बदलत टीईएम२ या शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) लोकोपर्यंत गेलं, आणि टीईएम२ दशकानुदशकं बनत राहिला. अर्ध्या पूर्व युरोपात शंटिंग त्यानेच केलं.

त्यामुळे 'सोव्हिएत लोकोत अमेरिकन इंजिन घालणं म्हणजे काहीतरी विपरीत' असं वाटण्याचं कारण नाही. नातवाला आजोळी पाठवल्यासारखं आहे ते.

(एम६२ चं १४डी४० आणि लुडमिलाचं ५डी४९ मात्र कोलोम्नाचं स्वतःचं काम, ते यात धरू नका.)

लाल_दिवा
@जुना_नट, हे माहीत नव्हतं. मान गये. पण मी अजून जुगाडावरच ठाम आहे 😀

शेडमधला_म्हातारा
जुन्या नटाने इंचांचा विषय काढला म्हणून आठवलं. जीईच्या ७एफडीएलचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच, व्ही कोन ४५ अंश. आता आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोमधलं अल्को २५१ बघा: ९ इंच, साडेदहा इंच, ४५ अंश! दोन वेगवेगळ्या कंपन्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, आणि माप तेच. त्यामुळे पोलंडातला तो ३११डी मला परका वाटत नाही. हेड उघडलं तर आतलं सगळं ओळखीचं दिसेल अशी खात्री आहे.

आणि लाल दिवासाहेब, तुमच्यासाठी एक उदाहरण घरचंच. अल्कोने १९६९ मध्ये लोको बनवणं बंद केलं. दुकानच मिटलं. पण वाराणसीच्या डीएलडब्ल्यू या रेल्वेच्या डिझेल लोको कारखान्याने १९६४ पासून त्याच इंजिनाचे लोको बनवायला घेतले होते. मूळ मालक गेल्यावरही आपण ते २५१ इंजिन कित्येक दशकं चालवलं, २६०० अश्वशक्तीवरून ३१०० आणि पुढे ३३०० पर्यंत नेलं. पतियाळात जुने डब्ल्यूडीएम-२ उघडून, नवीन ताकदीचं इंजिन घालून परत पाठवत होते. म्हणजे तुम्ही ज्याला जुगाड म्हणता तो आपल्या रेल्वेचा रोजचा धंदा होता.

फरक एवढाच की आपण पिस्टनपासून क्रँकशाफ्टपर्यंत सगळं इथे बनवायला शिकलो. नेवागला जीईचं इंजिन मिळतं ते बंद खोक्यात. खोकं कुणाचं आणि खोक्याची किल्ली कुणाकडे, हे आधी विचारावं.

बोरघाट
काका, डब्ल्यूडीएम-२ चं नाव काढलंत आणि डोळ्यांपुढे शिंदवणे घाट आला. पुण्याहून मिरजेकडे जाताना चढाला लागलं की अल्कोचा तो काळा धूर आणि चूग-चूग-चूग आवाज. खिडकीत बसलं की पांढऱ्या शर्टाचं वाटोळं. आता त्या लाइनलाही तारा आल्या. कोकण रेल्वेची वीजही २०२२ मध्ये पूर्ण झाली. रत्नागिरीला उतरून अल्कोचा आवाज ऐकायचे दिवस गेले.

मी_पुणेकर
धूर का येतो काका अल्कोला? लहानपणापासूनचा प्रश्न.

शेडमधला_म्हातारा
टर्बोचार्जर आळशी. ड्रायव्हर नॉच (ताकदीची पायरी) वाढवतो तेव्हा डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बो फिरून पुरेशी हवा द्यायला काही सेकंद घेतो. तेवढ्या वेळात हवा कमी, डिझेल जास्त, म्हणजे काजळी. शहाणा ड्रायव्हर एक एक नॉच थांबून घेतो. सगळे शहाणे नसतात.

लाल_दिवा
अवांतर वाढतंय. धाग्यावर या.

बोरघाट
आलो. इंजिन बदलण्याचं आणखी एक टोक सांगतो: इंजिनच काढून टाकणे. उत्तर कोरियाने म्हणे काही एम६२ लोको डिझेलचे चक्क विजेचे करून टाकले. हसू नका, २०१८ मध्ये वाराणसीतही दोन जुने डब्ल्यूडीजी-३ए जोडून १०,००० अश्वशक्तीचा विजेचा लोको बनवला होता, डब्ल्यूएजीसी-३. फोटो वगैरे झाले, नंतर ते काही फार वाढलं नाही.

अक्तौ_रिटर्न
मंगोलियाचं राहिलं. तिथली मुख्य रेल्वे म्हणजे रशियाबरोबरची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. तरी त्यांनीही जोडीचे २एम६२ घेऊन जीईचं ७एफडीएल घातलं आणि '२झगाल' नाव दिलं. रशिया भागीदार असताना अमेरिकन इंजिन! गोबीतून चालायचं, हिवाळ्यात उणे तीस. तिथे आणखी एक अडचण असते. सोव्हिएत लोकोत कूलंट म्हणून साधं प्रक्रिया केलेलं पाणी असतं, अँटीफ्रीझ नाही. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन बंद करायचंच नाही, रात्रभर धडधडत ठेवायचं. नाहीतर ब्लॉक फुटतो.

आकडेमोड
@अक्तौ, अमेरिकन रेल्वे लोकोतही बहुधा पाणीच असतं की. तिथेही हिवाळ्यात आयडल करतात, फार थंडी वाढली तर पाणी आपोआप सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणून मग ऑटो स्टार्ट-स्टॉप आलं. तापमान आणि बॅटरी बघून इंजिन आपणहून बंद-चालू होतं. इंजिन बदलताना ही एक गोष्ट जोडून घेतली तरी आयडलिंगचं डिझेल दिसण्याइतकं वाचतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातला मुद्दा तोच होता.

टुकटुक
आणि एस्टोनिया? मी कुठेतरी वाचलं होतं की त्यांनी सांगाडाबिंगाडा सोडून थेट अमेरिकेतले लोकोच उचलून आणले.

जुना_नट
हो, २००२-०३ च्या सुमारास. जीईचे जुने सी३६-७ वगैरे. खाली १५२० मिमीची चाकं घालून. कपलर (डबे जोडणारा आकडा) बदलायचीही गरज नव्हती फारशी, कारण सोव्हिएत कपलर आणि अमेरिकन कपलर दोन्ही आपोआप जुळणाऱ्या जातीचे असले तरी एकमेकांत बसत नाहीत… थांबा, म्हणजे बदलावेच लागले. पहाटे दोनला लिहितोय, सांभाळून घ्या. असो, लोको धावले. जे काम बाकीच्यांनी इंजिन बसवून केलं ते यांनी अख्खा लोको आणून केलं. केबिनमध्ये मात्र लुहान्स्कचा लाकडी वास नव्हता अशी तिथल्या ड्रायव्हरांची तक्रार असणार 😉

लाल_दिवा
बघा! हाच माझा मुद्दा! तयार लोको आणा!

शेडमधला_म्हातारा
तयार पण सेकंडहँड, लाल दिवासाहेब. फ्रेम त्यांचीही जुनीच.

चहाबाज
काका ७, लाल दिवा ०.

क्राकोवकर
सगळ्यांचे आभार, डोकं भरलं. आता मूळ प्रश्नावर येतो. अनुजाताई आणि काकांनी पटवून दिलं की कोलोम्ना घेण्यात अक्कल होती. पण ते सगळे निर्णय २०२२ च्या आधीचे. आता युद्ध सुरू आहे, युरोपचे रशियावर निर्बंध आहेत. कोलोम्नाचे सुटे भाग मिळणं कठीण. एलएचएसची लाइनच युक्रेनच्या हद्दीपर्यंत जाते. मग आज हिशेब उलटा नाही का झाला? ज्यांनी जीई घेतलं ते सुटले?

आकडेमोड
उलटा झालाय, पण फक्त युरोपच्या बाजूने बघितलं तर. रशियात याच्या बरोबर उलट अडचण आहे. ब्र्यान्स्कच्या २टीई२५एएम लोकोत जर्मन एमटीयूचं इंजिन घातलं होतं, लुहान्स्कने २टीई११६यूडीमध्ये जीईचं घालून बघितलं होतं. आज त्या इंजिनांना मूळ कंपनी हात लावणार नाही. परक्या इंजिनाची जोखीम दोन्हीकडे तीच, फक्त ज्याच्या नशिबी जो पुरवठादार आला.

अनुजा_लाइपझिग
इकडे २३३ वाल्यांनाही हाच पेच. पण लुडमिला अजून धावतायत. एक जमेची बाजू: त्या इतक्या मोठ्या संख्येने आल्या होत्या की एकीचे भाग काढून दुसरीला लावायला उभ्या लोकोंचा साठा आहे. ७०० च्या वर एकट्या १३२ मालिकेच्या आल्या होत्या, हीच पुढे २३२ झाली.

शेडमधला_म्हातारा
क्राकोवकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. तुमच्या एलएचएसच्या शेडमध्ये आज कोलोम्नाची इंजिनं चालू आहेत, फिटर त्यावर तयार आहेत, तर ती लगेच फेकायची नाहीत. अनुजाताई म्हणतात तसं, मोडलेल्या दोनमधून एक उभा करायचा. त्याला आम्ही कॅनिबलाइझ करणं म्हणायचो, साहेबलोक त्यावर रागवायचे आणि महिनाअखेरीला आउटेज (किती लोको कामाला दिले तो आकडा) भरायचं झालं की तेच करा म्हणायचे. पुढच्या मोठ्या ओव्हरहॉलला जो लोको येईल त्याला अमेरिकन इंजिन घाला, पण सगळे एका जातीचे. एका शेडमध्ये तीन जाती ठेवल्यात तर स्टोअरकीपर आणि फोरमन दोघेही नोकरी सोडतील. आणि करार करताना नुसतं इंजिन घेऊ नका. लायनर, पिस्टन, हेड असा निदान एक अख्खा संच शेडच्या फडताळात पडलेला पाहिजे.

लाल_दिवा
काका, हे मान्य. पण 'पुढच्या ओव्हरहॉलला' म्हणजे तोवर गॅगारिन साठीचा होईल.

शेडमधला_म्हातारा
आम्हीही साठीनंतरच शहाणे झालो.

मी_पुणेकर
या गॅगारिनचा मूळ, न बदललेला आवाज ऐकायला मिळेल का कुठे? कुणी व्हिडिओ टाकेल का?

क्राकोवकर
स्वावकुव्हला अजून एखादा दिसतो का बघतो, मिळाला तर रेकॉर्ड करून टाकतो. तोवर नेटवर 'टायगाट्रॉमेल' शोधा, ढिगाने आहेत. हेडफोन लावून ऐका, घरचे झोपले असतील तर.

टुकटुक
ऐकला. शेजारी उठले.